पायानं ऐकायचा ब्रेक

गेल्या पावसाळ्यात मामाच्या फियाटने माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण धानाच्या बांधीत नेऊन घातलं. मामाला काही झालं नाही, गाडीचा बंपर तेवढा वाकला. प्रकरण मात्र पुन्हा लिहावं लागलं. ते का, हे आज सांगते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माझा विषय आहे महाराष्ट्रातल्या मोटार दुरुस्तीचा इतिहास. कारखान्यांचा नाही, गॅरेजांचा. गाडी बनवणाऱ्यांवर बरंच लिहिलं गेलंय. ती तीस-तीस वर्षं चालती ठेवणाऱ्यांवर फारच थोडं. तिसरं प्रकरण ब्रेकवर आहे. त्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने असं मांडलं होतं की, सरकारी धोरणामुळे आपल्या गाड्या जुन्याच राहिल्या, आणि गल्लीतल्या मिस्त्र्यांनी त्यांना बूस्टर, डिस्क वगैरे लावून आधुनिक केलं. वाचायला छान वाटतं. मार्गदर्शकांनाही आवडलं होतं.

आता मामाची गाडी. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण गोंदियात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच. मामा शाळेत शिक्षक होता. गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यातच होतं (वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला), तेव्हा त्याने ती एका राइस मिलवाल्याकडून सेकंड हॅण्ड घेतली. तेव्हापासून घरात एक वाक्य ठरलेलं: या गाडीचा ब्रेक मारायचा म्हणजे पेडलवर उभं राहायचं. मामाला सवय होती. पण मामेबहीण नव्या गाडीवर शिकलेली. तिने फियाटच्या पेडलवर पाय ठेवला आणि म्हणाली, "बाबा, याला ब्रेकच नाहीये." मामाच्या मनाला ते लागलं. त्याने एका शहरातल्या गॅरेजमध्ये जाऊन, भंगारातून आलेला दुसऱ्याच कुठल्या गाडीचा व्हॅक्यूम बूस्टर बसवून घेतला. पेडल लोण्यासारखं मऊ झालं. आठ दिवसांनी गोरेगावच्या रस्त्यावर (आपलं गोंदियाचं गोरेगाव, मुंबईचं नव्हे) पावसात एक बैल आडवा आला, मामाने सवयीने होता तेवढा जोर लावला, पुढचं डावं चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी फिरून बांधीत.

इथून इतिहासात जाऊ.

पेडल दाबल्यावर चारही चाकांना तेलाच्या दाबाने ब्रेक लागतो, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने ती विकसित केली आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत ती चारही चाकांना आली. इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करायची, म्हणजे आपण ज्याला बूस्टर म्हणतो ती युक्तीही १९२० च्या दशकातलीच; बेल्जियमच्या अल्बेर दवांद्रचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. डिस्क ब्रेकचं पेटंट तर फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच घेतलं होतं, पण लोकांचं लक्ष गेलं ते १९५३ मध्ये, डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. म्हणजे मामाच्या फियाटला जे नव्हतं, ते जगात कधीच येऊन गेलं होतं.

मग तिला का नव्हतं? वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. कारखाना कुर्ल्याला. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने धोरण घालून दिलं की, ज्यांना देशात गाडी खरोखर बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. राहिलेल्या मोजक्या कंपन्यांत प्रीमियर एक. त्यांच्याकडे फियाट ११०० होती, १९६४ पासून तिचं ११०० डी हे मॉडेल, डिलाइट नावाचं. तिचीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. सांगाडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. बूस्टर नाही.

खुद्द इटलीत फियाट पुढे निघून गेली. १९६६ मध्ये तिथे फियाट १२४ आली, चारही चाकांना डिस्क घेऊन. तिच्याच वंशातली गाडी आपल्याकडे प्रीमियर ११८ एनई म्हणून आली ती १९८५ मध्ये. मधली एकोणीस वर्षं कुर्ल्यात ११०० डी बनत होती, आणि त्यानंतरही बनत राहिली. परकीय चलन नाही, नवे साचे आणायला परवाना नाही, आणि तरीही गिऱ्हाइकांची रांग काही वर्षांची. असं असताना कोण कशाला ब्रेक बदलेल? माझ्या जुन्या प्रकरणाचा गाभा हाच होता, आणि इथपर्यंत तो चूक नाही.

पण एक गोष्ट मी तेव्हाही वाचली होती आणि सोयीस्करपणे तळटीपेत टाकली होती. त्याच फियाट १२४ वरून सोव्हिएत रशियाने १९७० मध्ये लाडा बनवली. तिथल्या इंजिनिअरांनी मागच्या चाकांच्या डिस्क काढल्या आणि ड्रम घातले. त्यांच्या रस्त्यावरचा चिखल उघड्या डिस्कचे पॅड भराभर खात होता. ड्रम बंद असतो, त्यात चिखल सहज शिरत नाही. म्हणजे ड्रम हा नुसता मागासलेपणाचा पुरावा नव्हे. आमच्या भागातले पावसाळ्यातले रस्ते ज्याने पाहिलेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. ड्रमचीही एक खोड आहे: नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली आणि आत पाणी गेलं, की ते लवकर निघत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर नाला ओलांडल्यावर पुढचे शे-दोनशे मीटर पेडल हलकं दाबून धरतात, लायनर वाळवायला. मामा अजून करतो. नव्या गाडीतही करतो, ते सोडा.

तर, बांधीतून काढलेली फियाट ट्रॅक्टरने ओढत गोंदियाला आणली आणि मामा तिला त्याच्या जुन्या मिस्त्र्याकडे घेऊन गेला. मी त्यांना काका म्हणते. वय सत्तरच्या आसपास, वडील रेल्वेत होते. त्यांनी बॉनेट उघडलं, बूस्टर पाहिला आणि मामाला एवढंच विचारलं, "गुरुजी, हे काहून बसवलं?"

"पेडल कडक होतं ना."

"पेडल कडक होतं का ब्रेक कमी होता?"

या प्रश्नापाशी मी वही काढली. मामाला फरक कळला नाही, मलाही नव्हता कळला. दोन वर्षं ब्रेकवर वाचत होते मी!

फरक असा. गाडी थांबवतो तो शेवटी टायर आणि रस्ता. चाक लॉक होईल इतका दाब जर तुमचा पाय देऊ शकत असेल, तर बूस्टर लावून गाडी एक फूटसुद्धा अलीकडे थांबणार नाही. बूस्टर पायाचे कष्ट वाचवतो, टायरची पकड वाढवत नाही. सात इंची बूस्टरचा पडदा साधारण २४८ चौरस सेंटिमीटरचा. इंजिनाने त्याच्या एका बाजूची हवा खेचली की दुसऱ्या बाजूने हवेचा दाब दीडेकशे किलोने ढकलतो. मोठी मदत आहे ती, विशेषतः डिस्कला. कारण डिस्कचे पॅड फक्त जेवढं दाबाल तेवढंच चावतात. ड्रमचं तसं नसतं. ड्रम फिरतो त्या दिशेने टेकलेला शू घर्षणामुळे आपोआप आणखी आत खेचला जातो. म्हणजे ड्रममध्ये एक छोटा बूस्टर मुळातच आहे. त्यावर दुसरा बूस्टर चढवला, की लायनर जरा चिकट असलेलं चाक एकदम धरतं. मामाच्या पुढच्या डाव्या चाकाचं तेच झालं.

काकांनी रेल्वेचं उदाहरण दिलं, ते मी जसंच्या तसं प्रकरणात घेतलंय. जुन्या गाड्यांना, रेल्वेच्या म्हणतेय मी, व्हॅक्यूम ब्रेक असायचा. तिथे व्हॅक्यूम ब्रेकला सोडवून धरतो. पाइप फुटला, व्हॅक्यूम गेला, की ब्रेक आपोआप लागतो. मोटारीच्या बूस्टरमध्ये उलटं. व्हॅक्यूम गेला की मदत जाते आणि पेडल दगड होतं. "रेल्वेवाला बिघाडाचा विचार आधी करते," काका म्हणाले, "मोटारवाला आरामाचा." पेट्रोल वाचवायला उताराला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय जुन्या पिढीत कित्येकांना होती. बूस्टर नसलेल्या फियाटमध्ये त्याने ब्रेकला फरक पडत नसे. बूस्टर लावल्यावर हीच सवय जीवघेणी. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पुरतो, मग संपला. आणि ज्यांनी फियाटमध्ये डिझेल इंजिन टाकलं, त्यांना तर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला, कारण डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयारच करत नाही. तो पंप गेला की बॅटरी चार्ज होतेय म्हणून ड्रायव्हर निर्धास्त, आणि पेडल कडक.

मग पेडल कडक का होतं? काकांनी चारही ड्रम उतरवले. मागच्या एका व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून जाम होता, म्हणजे एक चाक फक्त सोबतीला फिरत होतं. पुढच्या उजव्या बाजूचे लायनर तापून काचेसारखे चकचकीत झालेले. एक ड्रम ओव्हल. रबरी होज आतून फुगलेला. मास्टर सिलिंडर कधीतरी बदललेला होता आणि त्याचा बोअर मोठा होता.

या शेवटच्या मुद्द्याचं गणित मी घरी येऊन केलं. समजा पायाचा जोर ३० किलो आणि पेडलचा पाच पट लिव्हर, म्हणजे मास्टर सिलिंडरवर १५० किलो. बोअर पाऊण इंची असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर, तेलाचा दाब साधारण ५३ किलो दर चौरस सेंटिमीटर. बोअर सात-अष्टमांश इंची असेल तर क्षेत्रफळ ३.८८ आणि दाब ३९ च्या आत. तोच पाय, तोच जोर, दाब चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी. उलट लहान बोअरला पेडल जास्त खोल जातं, एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून मोठ्या बोअरचं पेडल वरच्या वर घट्ट लागतं आणि गिऱ्हाईक खूश होतं: वा, काय टणक पेडल! ब्रेक मात्र कमी झालेला असतो. पेडल चांगलं लागणं आणि ब्रेक चांगला असणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्धही जाऊ शकतात, हे मला कुठल्याच मॅन्युअलने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मॅन्युअलला गरजही नव्हती. तिथे गृहीत धरलेलं असतं की पार्ट मूळचाच असेल. गॅरेजच्या इतिहासात तसं काहीच गृहीत धरता येत नाही.

दुरुस्तीला तीन दिवस लागले. बूस्टर काढला. योग्य बोअरचा मास्टर सिलिंडर, नवी होज, व्हील सिलिंडरच्या किट. जुनं ब्रेक ऑइल सगळं काढलं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट थ्री तेल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हद्द १४० पर्यंत खाली येते. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. काकांनी तरुणपणी एक गाडी पाहिलीय, जिच्यात कुणी ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओतलं होतं. सगळे रबर फुगून ब्रेक सुटेचना. ड्रम लेथवर फिरवून गोल केले.

आणि मग लायनर. नवा लायनर शूवर रिव्हेट मारून बसवला की काम संपतं असं मला वाटायचं. काकांनी ड्रमच्या आत खडू फिरवला, शू आत घासला, बाहेर काढून दाखवला. खडू फक्त मधल्या पट्ट्यावर उमटला होता. लेथवर फिरवलेला ड्रम मोठा झाला, शूची कमान जुनीच, म्हणजे लायनर मध्येच टेकतोय, बाकीचा नुसता शोभेला. मग कानसेने घासायचं, पुन्हा खडू, पुन्हा घासायचं. चारही चाकांचं मिळून आठ शू. अर्धा दिवस गेला. "आता पेडल बघा," म्हणाले. आधी मामा बसला, मग मामेबहीण. पेडल मऊ नव्हतं. पण दाबलं की लगेच, आणि जेवढं दाबलं तेवढंच काहीतरी घडत होतं. बहीण म्हणाली, "हं, आता कळतंय." काका म्हणाले, "ब्रेक पायानं ऐकाचा असते बेटा. त्या बूस्टरनं पायाचे कान बंद केले होते."

तेव्हाच माझं प्रकरण कोसळलं. मी ज्याला आधुनिकीकरण म्हणत होते त्यातला काही हिस्सा, किती ते आता शोधतेय, न केलेल्या देखभालीवर घातलेलं पांघरूण होतं. डिस्क आणि बूस्टर नीट जुळवून लावले, मास्टर सिलिंडर बदलला, ड्रमसाठी तेलात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह डिस्कच्या बाजूने काढला, पुढच्या-मागच्या चाकांतला तोल सांभाळला, तर गाडी खरंच सुधारते. तशी कामं करणारेही मला भेटलेत. पण या कथेचा नायक बूस्टर नाही. खडू आणि कानस आहेत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते.

लायनर घासताना जी राखाडी भुकटी उडत होती, ती काका मधूनमधून तोंडाने फुंकत होते. ड्रम उघडल्यावर साचलेली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवली होती. गॅरेजात दोन पोरं शेजारीच चहा पीत होती. विसाव्या शतकातला बहुतेक सगळा काळ ब्रेक लायनर म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. उष्णता सोसणारं, स्वस्त, घर्षणाला उत्तम. मुंबईत घाटकोपरला, म्हणजे फियाट बनत होती त्या कुर्ल्याच्या शेजारीच, हिंदुस्थान फेरोडो १९५० च्या दशकापासून ब्रेक लायनर बनवत होती. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कॉम्पोझिट कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पाचांत एकाहून जास्त जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस निघाला. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं ठेवायला सांगितल्या, निवृत्तीनंतरही पंधरा वर्षं.

नोंदी ठेवायच्या त्या कारखान्याने. गोंदियाच्या मिस्त्र्याच्या नोंदी कोण ठेवणार? त्याच्याकडे हजेरीपट नाही, मालक तोच, कामगार तोच. आजचे बरेच लायनर अ‍ॅस्बेस्टॉसविना येतात, पण काकांनी घासायला सुरुवात केली तेव्हा तसे नव्हते, आणि शेल्फवरचा बिनखोक्याचा लायनर कशाचा आहे हे हाताने कळत नाही. मी ज्या कौशल्याचं कौतुक करून प्रकरण नव्याने लिहिणार होते, खडू लावून कमान जुळवण्याचं, तेच कौशल्य सगळ्यात जास्त धूळ उडवतं. ज्या मिस्त्र्याने काम उरकतं घेतलं, लायनर तसाच ठोकला, त्याच्या छातीत कमी गेलं. हे वाक्य लिहून मी तीनदा खोडलंय, पण ते खरं आहे, म्हणून ठेवतेय.

मी काकांना सांगितलं. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, घासताना पाणी शिंपडा, छातीचा फोटो काढून घेऊ. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, पन्नास वर्षं झाली, आता काय काढता फोटो. मग थोड्या वेळाने पोरांना हाक मारून म्हणाले, चहा बाहेर प्या रे.

माझ्या मुलाखतींच्या प्रश्नावलीत आता दोन प्रश्न वाढलेत: लायनर कोण घासतं, आणि खोकला किती वर्षांचा आहे. आतापर्यंत ज्या मिस्त्र्यांना भेटले त्यांच्याकडे पुन्हा जावं लागणार, म्हणजे प्रबंध आणखी लांबणार. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही. फियाट मामेबहीण चालवते, आमगावपर्यंत जाऊन येते. मी गॅरेजात गेले की काका बादलीतलं फडकं पिळून ड्रम पुसतात. मी नसले की फुंकतात, असं मामा सांगतो.